केनियातील वाकी आयोग : नेमणूक, कार्यकक्षा आणि मोहोरबंद पाकीट

निवडणुकीचा निकाल वादग्रस्त ठरून त्यामागोमाग रक्तपात झाला, म्हणजे राज्यसंस्थेपुढे दोन प्रश्न एकदमच उभे राहतात. मते खरोखर कोणाला पडली, हा पहिला. माणसे कोणी मारली, हा दुसरा. पहिल्या प्रश्नाचा निर्णय कोणी करावयाचा हे बहुतेक देशांच्या कायद्यांत आधीच सांगून ठेवलेले असते. दुसऱ्याची गोष्ट निराळी आहे. ज्यांच्यावर संशयाची छाया असते त्यांपैकी काही जण सत्तेवर बसलेले असतात, काही जण सत्तेत वाटा मागत असतात, आणि चौकशी नेमण्याचा अधिकार तर ह्याच मंडळींच्या हाती असतो. संशयितानेच पंच नेमावयाचा आणि तरीही तो पंच स्वतंत्र मानावयाचा, असा हा पेच आहे. २००८ साली केनियात ‘निवडणुकोत्तर हिंसाचार चौकशी आयोग’ नेमण्यात आला, त्याला हा पेच सोडवावयाचा होता. अध्यक्षांच्या नावावरून तो वाकी आयोग म्हणून ओळखला जातो. त्याने काढलेला मार्ग अपूर्व होता. तो कितपत सफल झाला हे मात्र वेगळे पाहावे लागते.

केनियात २७ डिसेंबर २००७ रोजी सार्वत्रिक निवडणूक झाली. राष्ट्राध्यक्षपदासाठी म्वाई किबाकी पुन्हा उभे होते. त्यांचे मुख्य प्रतिस्पर्धी रायला ओडिंगा होते. मतमोजणीच्या आरंभी ओडिंगा बरेच पुढे होते. नंतरच्या आकड्यांत ते अंतर घटत गेले, काही मतदारसंघांचे आकडे उशिरा आले, आणि जे स्थानिक केंद्रात जाहीर झाले व जे नैरोबीत वाचले गेले त्यांत तफावत असल्याची तक्रार सुरू झाली. ३० डिसेंबरच्या संध्याकाळी निवडणूक आयोगाचे अध्यक्ष सॅम्युएल किवुइतू ह्यांनी किबाकी सुमारे २ लक्ष ३२ हजार मतांनी विजयी झाल्याचे घोषित केले, आणि त्याच संध्याकाळी किबाकी ह्यांचा शपथविधी उरकण्यात आला. ‘उरकण्यात आला’ हाच शब्द येथे योग्य आहे. पुढे थोड्याच दिवसांत खुद्द किवुइतू ह्यांनी, किबाकी खरोखर जिंकले की नाही हे आपणांस ठाऊक नाही, अशी कबुली वार्ताहरांपुढे दिली. न्यायालयात जाण्याचा मार्ग विरोधी पक्षाने नाकारला. न्यायाधीश राष्ट्राध्यक्षांनी नेमलेले असल्याने तेथे न्याय मिळणार नाही, अशी त्याची भूमिका होती.

घोषणेनंतर काही तासांतच हिंसाचार सुरू झाला. बाहेरून पाहणाऱ्यांना तो एकाच जातीचा वाटला, तरी वस्तुतः त्याचे निदान तीन प्रकार होते. रिफ्ट खोऱ्याच्या उत्तर भागात, एल्डोरेटच्या परिसरात, कालेंजिन तरुणांच्या टोळ्यांनी किकुयू वस्त्यांवर हल्ले केले. १ जानेवारी २००८ रोजी एल्डोरेटजवळील कियांबा येथे प्रार्थनामंदिराच्या आश्रयाला आलेल्या लोकांसह ते मंदिर जाळण्यात आले. मृतांत स्त्रिया व मुले होती. पश्चिमेकडील किसुमू शहरात आणि नैरोबीच्या झोपडवस्त्यांत निदर्शकांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. आणि जानेवारीच्या अखेरीस नाकुरू व नैवाशा येथे किकुयू टोळ्यांनी लुओ व कालेंजिन रहिवाशांवर सूड उगवला. नैवाशात एका घरात कोंडून १९ जणांना जाळण्यात आले. आयोगाने पुढे केलेल्या गणनेप्रमाणे एकंदर मृत्यू १,१३३ झाले, त्यांपैकी ७४४ एकट्या रिफ्ट खोरे प्रांतात. जखमींची नोंद ३,५६१ इतकी होती, आणि सुमारे साडेतीन लाख लोक बेघर झाले. नंतरच्या गणनांत हा शेवटचा आकडा बराच वाढला. मृतांपैकी ४०५ जण बंदुकीच्या गोळीने मेले होते. जमावाजवळ कोयते, धनुष्यबाण आणि पेट्रोल होते. बंदुका पोलिसांजवळ होत्या. ह्या एका आकड्याने चौकशीचा सारा प्रश्न बदलतो. ज्या शासनाने चौकशी नेमावयाची, त्याच्याच नोकरांच्या हातून एकतृतीयांशाहून अधिक माणसे मेली होती.

आफ्रिकी संघाचे तत्कालीन अध्यक्ष जॉन कुफुओर येऊन गेले. त्यानंतर २२ जानेवारी रोजी कोफी अन्नान नैरोबीत दाखल झाले. त्यांच्यासह ग्रासा माशेल आणि बेंजामिन म्कापा असे तिघांचे मध्यस्थ मंडळ होते. दोन्ही पक्षांचे प्रतिनिधी समोरासमोर बसू लागले, आणि २८ फेब्रुवारीला सत्तावाटपाचा करार झाला. किबाकी राष्ट्राध्यक्ष राहिले, ओडिंगा ह्यांच्यासाठी पंतप्रधानपद निर्माण करण्यात आले. पाचच दिवसांनी, ४ मार्च रोजी, वाटाघाटीच्या त्याच टेबलावर आणखी तीन गोष्टी ठरल्या : निवडणुकीच्या व्यवहाराची पाहणी करणारे एक मंडळ, हिंसाचाराची चौकशी करणारा एक आयोग, आणि दीर्घकालीन अन्यायांचा शोध घेणारा सत्य, न्याय व समेट आयोग. आरंभी सांगितलेले दोन प्रश्न अशा रीतीने दोन स्वतंत्र संस्थांकडे गेले. दक्षिण आफ्रिकेचे निवृत्त न्यायाधीश योहान क्रीग्लर ह्यांच्या अध्यक्षतेखालील पहिल्या मंडळाने सप्टेंबर २००८ मध्ये दिलेले उत्तर चमत्कारिक परंतु प्रामाणिक होते : निवडणुकीचा व्यवहार इतका सदोष झाला होता की खरा निकाल कोणता, हे आता सांगताच येणार नाही. राजकीय दृष्ट्या हे उत्तर दोघांनाही सोयीचे होते. दुसऱ्या प्रश्नाला असे उत्तर देण्याची सोय नव्हती. मते संदिग्ध असू शकतात. प्रेते संदिग्ध नसतात.

नव्या आयोगाच्या नेमणुकीकडे केनियाचे लोक कोणत्या नजरेने पाहत होते, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. रिफ्ट खोऱ्यात १९९१-९२ साली आणि पुन्हा १९९७ च्या निवडणुकीच्या आगेमागे असेच हल्ले झाले होते. १९९८ साली राष्ट्राध्यक्ष डॅनियल अराप मोई ह्यांनी न्यायमूर्ती अकिलानो अकिवुमी ह्यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग नेमला. अनेक महिने साक्षी झाल्या, १९९९ साली अहवाल राष्ट्राध्यक्षांच्या हाती पडला, आणि तो तेथेच राहिला. लोकांना तो वाचावयास मिळाला २००२ साली. चौकशी आयोगांविषयीचा केनियाचा कायदा वसाहतकाळाच्या वळणाचा आहे : आयोग नेमणार राष्ट्राध्यक्ष, त्याचे विषय ठरविणार राष्ट्राध्यक्ष, आणि अहवाल जाणार तोही राष्ट्राध्यक्षांकडे. असे आयोग केनियात पुष्कळ झाले. लोकांचा राग निवेपर्यंत वेळ काढण्याचे ते एक साधन आहे, अशी सर्वसाधारण समजूत होती आणि ती निराधार नव्हती.

आयोगाला स्वाहिली भाषेत ‘तुमे’ म्हणतात. ‘तुमा’ म्हणजे पाठविणे, ह्या धातूपासून हे नाम झाले आहे. त्याच धातूपासून ‘म्तुमे’ हा शब्द होतो. त्याचा अर्थ ईश्वराने पाठविलेला, प्रेषित. आणि त्याच धातूच्या कर्मणी रूपापासून ‘म्तुम्वा’ हा शब्द होतो. त्याचा अर्थ गुलाम, म्हणजे ज्याला दुसरा हवे तिकडे पाठवितो तो. मराठीतील ‘चौकशी’ हा शब्द ‘चौकस’ ह्या विशेषणापासून आलेला, म्हणून तो करणाऱ्याच्या वृत्तीकडे लक्ष वेधतो. ‘आयोग’ ह्या शब्दात जोडण्याचा, कामाला लावण्याचा अर्थ आहे. स्वाहिली शब्द मात्र पाठविणाऱ्याला विसरू देत नाही. प्रेषित आणि गुलाम ह्यांच्या मधल्या ह्या जागेत आयोग नेमका कोठे उभा राहील, हे पाठविणारा कोण आणि परत जाऊन सांगावयाचे कोणाला, ह्यावर ठरते. व्युत्पत्तीवरून इतिहास सिद्ध होत नाही, हे खरेच. परंतु अकिवुमी आयोगाचे काय झाले हे एका शब्दात सांगावयाचे, तर पाठविणारा आणि ऐकणारा तेथे एकच होता.

वाकी आयोगाच्या बाबतीत पाठविणारा कोण, ह्याचे उत्तर प्रथमच दुहेरी झाले. कायद्याच्या भाषेत त्याला राष्ट्राध्यक्ष किबाकी ह्यांनीच नेमले; मे २००८ मधील राजपत्रातील अधिसूचना त्याच जुन्या कायद्याखाली निघाली. पण ती अधिसूचना स्वेच्छेची नव्हती. तिच्यामागे दोन्ही पक्षांचा लेखी करार होता आणि त्या कराराला मध्यस्थ मंडळ साक्षी होते. त्यामुळे आयोग गुंडाळावयाचा तर करार मोडावा लागला असता, आणि अहवालाचा वाचकही एकटा राष्ट्राध्यक्ष उरला नाही. अध्यक्षपदी अपील न्यायालयाचे न्यायमूर्ती फिलिप वाकी आले. ह्या गृहस्थांच्या वाट्याला चौकशीचा दुसरा अनुभवही आलेला होता. २००३ साली केनियात न्यायसंस्थेच्या शुद्धीकरणाची मोहीम झाली तेव्हा त्यांच्यावरही आरोप होऊन ते निलंबित झाले होते, आणि न्यायाधिकरणाने निर्दोष ठरविल्यावर पदावर परतले होते. अप्रमाणित आरोप माणसाचे काय करतो हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नव्हते. उरलेले दोन सदस्य परदेशी होते : न्यूझीलंडचे माजी पोलीस अधिकारी गॅव्हिन मॅकफेडियन आणि काँगो लोकशाही प्रजासत्ताकाचे वकील पास्काल कांबाले. पोलिसांची चौकशी करावयाची तर पोलिसांचे काम आतून जाणणारा माणूस हवा, आणि तो केनियाच्या पोलिसांचा बांधील नको. ह्या निवडीमागील हा विचार उघड दिसतो.

करार करणाऱ्यांच्या टेबलावर ओडिंगा ह्यांच्या पक्षाच्या चार प्रतिनिधींपैकी एक विल्यम रुटो होते. पुढे हेग येथील आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयात ज्यांच्यावर खटला चालला त्यांत त्यांचेही नाव होते. स्वतःवर उलटू शकणारी चौकशी माणसे मान्य का करतात, असा प्रश्न येथे साहजिकच पडतो. दोन्ही बाजूंना आपल्यापेक्षा समोरच्या बाजूचा दोष अधिक सिद्ध होईल असे वाटत होते, हे त्याचे एक उत्तर. दुसरे उत्तर असे की, आयोग म्हणजे काय हे त्यांना अकिवुमी अहवालावरून चांगले माहीत होते.

कार्यकक्षेची शब्दरचना पाहण्यासारखी आहे. राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीनंतर घडलेल्या हिंसक कृत्यांची वस्तुस्थिती व परिस्थिती शोधणे, हे पहिले काम. त्या काळात राज्याच्या सुरक्षादलांनी जे केले व जे करावयाचे सोडले, त्याची चौकशी करणे, हे दुसरे. ‘जे करावयाचे सोडले’ ह्या शब्दांना फार महत्त्व आहे. त्यांच्यामुळे गोळी झाडणाऱ्या शिपायाबरोबर, सूचना मिळूनही स्वस्थ बसलेला अधिकारीही चौकशीच्या कक्षेत आला. अपराध्यांना न्यायासमोर आणण्याचे उपाय सुचविणे, पुनरावृत्ती टाळण्याचे मार्ग सांगणे, आणि इंग्रजीत जिला ‘इंप्युनिटी’ म्हणतात ती नष्ट करण्यासाठी शिफारसी करणे, ही पुढची कामे. ह्या अखेरच्या शब्दाला मराठीत रुळलेला एक पर्याय नाही. ‘दंडमुक्ती’ म्हणावे तर कोणी तरी मुक्त केल्यासारखे वाटते, आणि ‘मोकाट सुटणे’ हा प्रयोग जवळचा असला तरी त्यात व्यवस्थेचा बोध होत नाही. केनियात ती व्यवस्थाच होती. १९९१-९२ चे हल्लेखोर १९९७ साली मोकळे होते. १९९७ चे २००७ साली.

आयोगाच्या नावातील ‘निवडणुकोत्तर’ हे विशेषण मात्र त्याच्या कामाला अपुरे पडले. ‘उत्तर’ ह्या पदात कालक्रम आहे, पण ऐकणारा त्यातून कार्यकारणभाव काढतो : निवडणूक झाली, म्हणून हिंसा झाली. आयोगाने अहवालात हे गृहीतक सरळ बाजूस सारले. जमिनीच्या वाटपातील जुने असमाधान, राष्ट्राध्यक्षांच्या हाती एकवटलेली सत्ता, बेकार तरुणांच्या टोळ्यांचा राजकारण्यांनी पूर्वीपासून केलेला उपयोग, आणि आधीच्या हिंसेबद्दल कोणालाच शिक्षा न झाल्याने आलेली निर्भयता, असा मागचा धागा त्याने जोडून दाखविला. भाषेकडेही त्याचे लक्ष गेले. ‘माजिंबो’ ह्या स्वाहिली शब्दाचा साधा अर्थ ‘प्रांत’ असा अनेकवचनी आहे, आणि राजकीय चर्चेत तो संघराज्यपद्धतीसाठी वापरतात. रिफ्ट खोऱ्यात मात्र तो ज्याने त्याने आपापल्या मुलुखात परत जावे अशा अर्थाने बोलला आणि ऐकला जात होता. प्रांतिक भाषांतील नभोवाणी केंद्रांच्या प्रसारणावरही आयोगाने कडक टीका केली. असल्या भाषेत बोलणारा कायद्याला सापडत नाही, कारण उच्चार निर्दोष असतो आणि अर्थ ऐकणाऱ्याच्या घरी तयार होतो. हा पुराव्याचा प्रश्न पुढे हेगपर्यंत गेला.

कामासाठी आरंभी दिलेली मुदत तीन महिन्यांची होती. ती थोडी वाढवून मिळाली. एवढ्या अवधीत आयोगाने नैरोबीखेरीज नैवाशा, नाकुरू, एल्डोरेट, किसुमू, मोंबासा इत्यादी ठिकाणी साक्षी घेतल्या. काही साक्षी बंद दाराआड झाल्या. लैंगिक अत्याचारांना अहवालात स्वतंत्र प्रकरण मिळाले, आणि ही गोष्ट गौण नव्हे; अशा आयोगांच्या अहवालांत स्त्रियांवरील अत्याचार एखाद्या परिच्छेदात आटोपण्याची रीत आहे. पोलीस व गुप्तवार्ता विभागाच्या अधिकाऱ्यांच्या साक्षींतून असे निघाले की गुप्तवार्ता विभागाने संभाव्य हिंसेची सूचना आधीच दिलेली होती, आणि तिच्यावर व्हावी तशी हालचाल झाली नाही. काही भागांत हिंसा उत्स्फूर्त होती, काही भागांत योजनापूर्वक, आणि उत्स्फूर्त म्हणून सुरू झालेली पुढे योजनाबद्ध झाली, असा आयोगाचा निष्कर्ष आहे.

नावांचे काय करावयाचे, हा प्रश्न शेवटी उरला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये केनियाच्या राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने आपला स्वतंत्र अहवाल काढून त्यात दोनशेहून अधिक संशयितांची नावे छापली होती. त्यामुळे खळबळ झाली, पण नाव छापलेला प्रत्येक जण ‘मला विचारले कोठे?’ असे म्हणावयास मोकळा राहिला. वाकी आयोगाची अडचण खरी होती. आपल्याजवळचा पुरावा फौजदारी न्यायालयात लागणाऱ्या निर्णायक प्रतीचा नाही, हे त्याने स्वतःच नमूद केले. नावे छापावीत तर नैसर्गिक न्यायाचा भंग, आणि साक्षीदारांनाही धोका. न छापावीत तर अहवालाची वाट अकिवुमींच्या अहवालासारखीच. आयोगाने तिसरा मार्ग काढला. १५ ऑक्टोबर २००८ रोजी पाचशेहून अधिक पानांचा अहवाल राष्ट्राध्यक्ष व पंतप्रधान ह्यांना देण्यात आला; त्यात मुख्य संशयितांची नावे नव्हती. ती एका मोहोरबंद पाकिटात होती, आणि ते पाकीट दोन दिवसांनी कोफी अन्नान ह्यांच्या हाती गेले. अहवालात शिफारस अशी होती की केनियातच एक विशेष न्यायाधिकरण स्थापावे, त्यात परदेशी न्यायाधीश व अभियोक्तेही असावेत; त्यासाठीचा करार ६० दिवसांत सह्या होऊन पुरा व्हावा, आणि त्यानंतर ४५ दिवसांत त्याचा कायदा अमलात यावा. ह्यांपैकी एकही पायरी चुकली, तर पाकीट हेग येथील आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाच्या अभियोक्त्याकडे जावे.

ह्या योजनेची खुबी अशी की अहवालाची अंमलबजावणी कोणाच्या मर्जीवर राहिली नाही. सत्ताधाऱ्यांनी काही केले तर न्यायाधिकरण येणार होते. काहीच केले नाही तर पाकीट हलणार होते. ‘काही न करणे’ हे आजवर सर्वांत सुरक्षित असलेले धोरण आयोगाने सर्वांत धोक्याचे करून ठेवले. शिवाय पाकिटात कोण आहे हे ठाऊक नसल्याने प्रत्येक पुढाऱ्याला आपले नाव असल्याची धास्ती घेता आली. नाव छापले असते तर एकाला भय वाटले असते; न छापल्याने शंभरांना वाटले.

करारावर किबाकी व ओडिंगा ह्यांनी १६ डिसेंबर रोजी, म्हणजे मुदत सरता सरता, सह्या केल्या. न्यायाधिकरणाला घटनात्मक आधार देणारे विधेयक १२ फेब्रुवारी २००९ रोजी संसदेत मतास टाकले गेले. बाजूने १०१ व विरुद्ध ९३ मते पडली, आणि दोनतृतीयांश बहुमत न मिळाल्याने ते कोसळले. विरुद्ध मत देणाऱ्यांत दोन जातींची माणसे होती आणि त्यांचे हेतू एकमेकांच्या अगदी उलट होते. देशातले न्यायाधिकरण पुढारी आपल्या मुठीत ठेवतील म्हणून काहींना हेग हवे होते. हेगला वर्षे लागतील म्हणून काहींना हेग हवे होते. ‘हेग’ शी यमक जुळवून केलेली एक इंग्रजी घोषणा त्या दिवसांत सभागृहात आणि बाहेरही गाजली. त्या घोषणेत दोन्ही गट सुखाने मावले. एका सदस्याने नोव्हेंबरात पुन्हा विधेयक आणले, तेव्हा गणपूर्तीच होईना. त्याआधीच, जुलै २००९ मध्ये, अन्नान ह्यांनी पाकीट आणि सोबत कागदपत्रांच्या सहा पेट्या अभियोक्ते लुई मोरेनो-ओकाम्पो ह्यांच्याकडे पाठविल्या होत्या. त्यांनी पाकीट उघडून वाचले व पुन्हा मोहोर लावून बंद केले. ती यादी आपणांवर बंधनकारक नाही, आपण स्वतंत्र तपास करू, असे त्यांनी सांगितले.

पुढील हकीगत थोडक्यात अशी. ३१ मार्च २०१० रोजी न्यायालयाने दोन विरुद्ध एक मताने तपासास अनुमती दिली. डिसेंबरात सहा जणांची नावे जाहीर झाली, आणि जानेवारी २०१२ मध्ये त्यांपैकी चौघांवरील आरोप सुनावणीस योग्य ठरले : विल्यम रुटो, नभोवाणीवरील निवेदक जोशुआ अराप सांग, उहुरू केन्याटा आणि वरिष्ठ प्रशासक फ्रान्सिस मुथाउरा. पहिले दोघे ओडिंगांच्या बाजूचे, दुसरे दोघे किबाकींच्या. पाच वर्षांपूर्वी ज्यांच्या समूहांनी एकमेकांची घरे जाळली होती त्या केन्याटा व रुटो ह्यांनी मार्च २०१३ ची निवडणूक एकत्र लढविली आणि ती जिंकली. पहिले राष्ट्राध्यक्ष झाले, दुसरे उपराष्ट्राध्यक्ष. परक्या न्यायालयाविरुद्धचा रोष हा त्या प्रचाराचा मोठा आधार होता. मुथाउरांवरील आरोप त्याच महिन्यात मागे घेण्यात आले, केन्याटांवरील डिसेंबर २०१४ मध्ये. पुरावा अपुरा आहे आणि केनिया सरकारचे सहकार्य मिळत नाही, असे अभियोक्त्यांनी त्या वेळी सांगितले. रुटो व सांग ह्यांच्याविरुद्धचा खटला ५ एप्रिल २०१६ रोजी बहुमताने थांबविण्यात आला. तो निर्दोषत्वाचा निवाडा नव्हता. साक्षीदारांवर आलेल्या दडपणाचा उल्लेख निर्णयात आहे, आणि नव्याने खटला भरण्याची वाट मोकळी ठेवलेली आहे.

ह्यावरून आयोग फसला असे म्हणणे सोपे आहे, पण ते बरोबर होणार नाही. अहवाल दडपला गेला नाही. तो छापला गेला, वाचला गेला, आणि २०१० च्या नव्या संविधानानंतर पोलिसांवर देखरेख ठेवणारे जे स्वतंत्र प्राधिकरण आले त्याच्या मुळाशी आयोगाच्या शिफारसींचा वाटा आहे. पाकीट आपल्या मुक्कामावर पोहोचले. आयोगाने परावलंबन तोडले ते अहवालाच्या प्रवासापुरते, आणि तेवढे त्याच्या हातात होते. परंतु पाकिटात नावे मावतात, साक्षीदार मावत नाहीत. आयोगापुढे बोललेला माणूस न्यायालयापुढे पुन्हा बोलावा लागतो, आणि २००८ च्या उन्हाळ्यात एल्डोरेटला जो बोलला त्याला २०१३ साली हेगला बोलावयाचे होते. मधल्या पाच वर्षांत तो आपल्या गावीच राहत होता, आणि ज्यांच्याविषयी बोलावयाचे ते राज्याच्या शिखरावर पोहोचले होते. त्या माणसाच्या स्वातंत्र्याची तरतूद कोणत्याही करारात, अधिसूचनेत किंवा मुदतीच्या हिशेबात नीटशी नव्हती. चौकशी नेमणाऱ्यांनी आयुक्तांच्या स्वातंत्र्याचा जेवढा विचार केला तेवढा साक्षीदाराच्या स्वातंत्र्याचा केला नाही. आणि पुरावा म्हणजे शेवटी साक्षीदारच होता.

रिफ्ट खोऱ्यात परप्रांतीय रहिवाशांना उद्देशून १९९० नंतरच्या दशकापासून ‘मादोआदोआ’ हा शब्द वापरला जात आला आहे. ‘दोआ’ म्हणजे डाग. ‘मादोआदोआ’ म्हणजे ठिपके, बट्टे. कपड्यावरचे डाग काढावेत, एवढेच बोलणारा म्हणतो. २००७-०८ च्या हिंसाचाराच्या वर्णनांत तो पुन्हा पुन्हा येतो. जानेवारी २०२२ मध्ये एल्डोरेट येथील प्रचारसभेत एका सेनेटरने हाच शब्द उच्चारला, आणि दुसऱ्या दिवशी त्याला अटक झाली. एप्रिलमध्ये राष्ट्रीय एकोपा व एकात्मता आयोगाने निवडणुकीच्या प्रचारात द्वेषाचे म्हणून टाळावयाच्या शब्दांची यादी प्रसिद्ध केली, तीत तो समाविष्ट आहे. त्या वर्षीच्या ऑगस्टातील निवडणुकीत विल्यम रुटो राष्ट्राध्यक्षपदी निवडून आले.